दुप्पट वेगाचं गाणं

ती. आत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? इकडे सगळ्यांची तब्येत ठणठणीत आहे, डोकं फिरलंय ते फक्त माझं.

आमच्या वर्गाने स्नेहसंमेलनासाठी एका गाजलेल्या गाण्याचा व्हिडिओ जसाच्या तसा पुन्हा करायचं ठरवलं आणि दिग्दर्शन माझ्या गळ्यात पडलं (गळा मीच पुढे केला होता, पण ते असो). मूळ व्हिडिओत गायक जिन्यावरून सावकाश उतरतो, केस हळूहळू उडतात, कागद तरंगतात, ओठ मात्र गाण्याशी बरोब्बर जुळतात. यातली मेख अशी, की चित्रीकरणाच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, गायकाने तितक्याच वेगाने ओठ हलवायचे आणि मग सगळं संगणकावर निम्म्या वेगाला आणायचं. हे मी स्वतः शोधून काढलं. कौतुक? नाव नको! आमचे सर म्हणाले, "मी मूळ व्हिडिओ पाहिलेला नाही, पण तो असा नव्हता."

नायक म्हणून वर्गाने मतदान करून चॉकलेटला (वर्गातला सगळ्यात देखणा मुलगा, म्हणून हे नाव) निवडलं. का, तर म्हणे केस! अगं, केसांनी कधी गाणं म्हणतात का? हा मुलगा "हजर" म्हणेपर्यंत पुढच्या चौघांची हजेरी होऊन जाते. पहिल्याच तालमीत दुसऱ्या ओळीला त्याने जीभ चावली आणि तोंडात बर्फ धरून बसला. मग मी पंखा लावला, वरून कागद सोडले. त्यातला एक नेमका त्याच्या तोंडात गेला, आणि (सांगायला लाज वाटते) तो थुंकताना तेवढे त्याचे ओठ गाण्याशी जुळले.

आता मला निर्वाणीचं सांगण्यात आलंय: शनिवारी ओठ जुळले नाहीत, तर दिग्दर्शन सूचनाकडे. (ही मुलगी काम करत नाही, फक्त सूचना देते, म्हणून हिचंही नाव आम्हीच ठेवलेलं.) तिचं म्हणणं, नायक गाणंभर पाठमोरा दाखवा आणि जिना उतरण्याऐवजी चढू दे. म्हणजे गाणं संपेल तेव्हा नायक गच्चीवर! राबायचं मी आणि आयत्या बिळावर नागोबा ही. मला खरंच रडू येतं गं. पहिल्यांदाच काहीतरी माझं म्हणून हाती आलं होतं.

असो. तुला उगाच कशाला त्रास. प्रकृतीला जप.

तुझी चिडलेली भाची
(दिग्दर्शक, शनिवारपर्यंत)

ता. क. वीज कार्यालयातल्या साहेबाला तू एका दमात जे भराभर सुनावलंस, ते मी अजून विसरलेले नाही. शेवटी पाणी तुला नाही, त्याला प्यावं लागलं होतं. शनिवारी येशील का? लांबून चॉकलेटचे केस दाखवू, जवळून तुझे ओठ. जिना चढायचा नाही, खुर्ची देईन.

ता. क. २ छोटीशी मिशी लावावी लागेल.

ता. क. ३ तुझं नाव बाबांनी सुचवलं (तुला सांगू नको म्हणालेत). फोन न करता पत्र लिहायचंही त्यांनीच सांगितलं. म्हणाले, "फोनवर ती तुला मिशीपर्यंत पोचूच द्यायची नाही."