रांधलंस, बरं केलंस

१६ डिसेंबर, मंगळवार. सकाळ.
नवी वही. शाळेच्या स्टोअरमधली आहे. निवृत्तीच्या दिवशी निरोपाच्या सामानात चुकून आली, चार डझन.

यंदाचा नाताळ शांत. घरी, मसाकात, एकटीनं. हा माझा स्वतःचा निर्णय. गोंझागाला नोव्हेंबरातच फोनवर सांगून टाकलं की यंदा मी एंटेबेला येणार नाही, मला न्यायला येऊ नकोस. तो म्हणाला, "बरं आई." लगेच म्हणाला. इतक्या लगेच की मला वाटलं लाइन खराब आहे, त्याला नीट ऐकू गेलं नाही. म्हणून पुन्हा सांगितलं. पुन्हा "बरं आई."
चांगलं झालं. एकुलत्या एका मुलानं आईच्या इच्छेचा मान ठेवला.

फादरनी प्रवचनात सांगितलंय की नाताळापर्यंत रोज तीन गोष्टींचे आभार लिहायचे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अलोयशियस आमच्याकडून रोज तीन पापं लिहून घ्यायच्या. त्या मानानं हे सोपं.
आजचे आभार: १. तब्येत. २. स्वतःचं घर. ३. सून एकशेचाळीस किलोमीटरवर राहते.
तिसरं खोडलं. पण वाचता येतंय.

१७ डिसेंबर, बुधवार.
खरं लिहायचं तर खरं. वही काही कोणी वाचणार नाही.

आमच्याकडे जेवून हात धुतले की रांधणारीला म्हणायचं, "रांधलंस, बरं केलंस." मग तिनं म्हणायचं, "जेवलात, बरं केलंत." लेकरू बोलायला लागलं की आधी हेच शिकतं. न म्हणता उठणं म्हणजे ताटात थुंकण्यासारखं, असं लोक म्हणतात. लोक काहीही म्हणतात.

गेल्या नाताळात सुनेच्या, नांतेझाच्या घरी मी ते म्हणाले नाही. माझ्या तोंडात घास होता, एवढंच. आणि घास होता कारण तो गिळत नव्हता. लुवोंबो म्हणजे केळीच्या पानात बांधून वाफवलेली कोंबडी. ती कशी, बोटानं सुटायला हवी. हिची शाळेच्या डस्टरसारखी. गोंझागानं तीनदा विचारलं, "आई, लुवोंबो कसा झालाय?" बायकोची बाजू सांभाळतो बिचारा. दोन बोटांना भाजल्याची पट्टी होती त्याच्या. गरम पातेली उतरवायला नवरा.

तेव्हापासून तो घरी आलेला नाही. पूर्वी दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की फोन यायचा. आता महिन्यातून एकदा मेसेज. "सगळं ठीक." विमानतळावरची नोकरी. विमानं वाढली असतील.
नांतेझानंच त्याला तोडलं, हे उघड आहे. माझ्या मनात तिच्याबद्दल काही नाही. महिला मंडळात लुवोंबोचा विषय निघाला तेव्हा मी फक्त वस्तुस्थिती सांगितली. नंतरच्या दोन बैठकांतही तेवढीच.

१९ डिसेंबर, शुक्रवार.
नालोंगो आज गावी गेली. एक जानेवारीला येईल. एकतीस वर्षं आमच्याकडे आहे, मला स्वयंपाकात मदत करते. जुळ्यांची आई म्हणून नालोंगो. खरं नाव मला एकदा माहीत होतं.

जाताना दारात उभी राहून म्हणाली, "बाई, पान जाळावर धरायचं, जाळात नाही." मी म्हटलं मला शिकवू नकोस, या घरात तीस वर्षं नाताळचा लुवोंबो मी केलाय, बिशप जेवून गेलेत. "हो ना बाई," ती म्हणाली, "मी आपली भांडी धरायला होते." आणि गाठोडं डोक्यावर घेऊन हसत उतारावरून गेली. हसण्यासारखं त्यात काय होतं?
तळलेल्या नाकतोड्यांचा डबा ठेवून गेलीये. म्हणाली, "अडीअडचणीला." अडचण कसली येणार!
आभार: १. घर माझं एकटीचं. २. स्वयंपाकघर माझं एकटीचं. ३. उद्या बघू.

२१ डिसेंबर, रविवार.
सराव केला. गरज नव्हती, हात मोकळा राहावा म्हणून. पान शेकून मऊ करायचं, शीर काढायची, कोंबडी नि शेंगदाण्याचं कूट घालून केळीच्या सोपटानं बांधायचं. नऊ पानं फाटली. दहावं पेटलं. हल्ली केळीची जातच बिघडली आहे. आमच्या लहानपणी पानं कशी रुमालासारखी असायची.

दुपारी गोंझागाला फोन केला. आठवण येते म्हणून नाही, एंटेबेत पाऊस आहे का ते विचारायला. नांतेझानं उचलला. म्हणाली, "आई, त्याचे हात कुटानं भरलेत... म्हणजे, कामात आहे तो. सांगू का फोन करायला?" मी म्हटलं नको, पावसाचंच विचारायचं होतं. ती म्हणाली, "पाऊस नाही." मी म्हटलं, "इथेही नाही."
आता शेंगदाणेही त्याच्याकडून कुटून घेते. विमानतळावर एवढ्या हुद्द्याचा माणूस!
फोन आला नाही.

२३ डिसेंबर, मंगळवार.
शांतता उत्तम आहे. दोन्हीकडचे शेजारी गावाला गेले. इतकी शांतता की फ्रिज बंद झाला की दचकायला होतं.
कोंबडी आणली, कापून घेतली. दुकानदार म्हणाला, "एवढीशीच? बाई, पाहुणे?" मी म्हटलं पाहुणे येऊन गेले.

विचार केला तेव्हा आठवलं की गेल्या वर्षी त्या दिवशी माझी दाढ दुखत होती. दाढ दुखत असताना कोण बोलतं?

२४ डिसेंबर, बुधवार.
दाढ नाही. दाढ त्याच्या आदल्या वर्षी. मुद्दा असा, की मी ते मनात म्हणाले होते. सिस्टर अलोयशियस सांगायच्या की मनातली प्रार्थना थेट स्वर्गात पोचते. मग मनातलं "बरं केलंस" टेबलाच्या पलीकडे पोचायला काय हरकत होती?
आभार सुचले नाहीत. तिन्ही उधार.

२५ डिसेंबर, गुरुवार. नाताळ.
सकाळी १०. मिस्सा झाली. टेबलावर लग्नातला क्रोशाचा टेबलक्लॉथ. ताट एक. लुवोंबो शेगडीवर, पुडा एक, सोपट आठ ठिकाणी बांधलंय. मन प्रसन्न. आता दोन तास चिंतन.

दुपारी २. चिंतन जास्तच गाढ झालं. वासानं जागी झाले. पातेल्यात मधूनमधून पाणी घालायचं असतं. हे नालोंगोनं सांगायला हवं होतं. सांगितलं असेल तर हळू सांगितलं. पातेल्याचं बूड गेलं. पुडा वरून कोळसा, आतून कच्चा. हे एकाच वेळी कसं होतं ते विज्ञानाच्या बाईंना विचारायला हवं.

२:३०. पाव आणि नाकतोडे. नाकतोडे छान कुरकुरीत होते, कांदा घातलेले. हात धुतले. बसून राहिले. काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं, चष्मा कुठेतरी विसरल्यावर वाटतं तसं. मग लक्षात आलं. जेवण झालं आणि कोणी कोणाला काही म्हणालंच नाही. नाताळच्या जेवणाला, आयुष्यात पहिल्यांदा. भिंतीला म्हणून पाहिलं. मग उगाच इकडेतिकडे बघितलं.

५. फोन वाजला नाही. बिघडला असेल म्हणून घरातल्या दुसऱ्या फोनवरून लावून बघितला. वाजतोय.

६. घरभर धूर आहे. या वयात फुप्फुसांना बरा नाही. हवापालटाची गरज दिसते. एंटेबेला तळ्याची हवा चांगली आहे. उद्या सकाळी निघते. कोणाकडे जाण्याचा प्रश्न नाही, हवेसाठी.
मनाशी ठरवलं: नांतेझाला ते म्हणून टाकायचं. सगळ्यांच्या देखत. मोठेपणा कोणीतरी दाखवायला हवा, आणि मी त्यासाठीच शिकले आहे.

२६ डिसेंबर, शुक्रवार.
सगळा देश गावाकडे गेलेला, राजधानीच्या दिशेनं व्हॅनमध्ये मी आणि एक बोकड. त्याचा मालक पुढे ड्रायव्हरशी गप्पा मारत होता. वाटेत मोठेपणाची तालीम केली. बोकडानं लक्षपूर्वक ऐकलं.

पोचले तर नात मिरेंबे ओरडली, "आजी आली!" आणि माझ्या पिशवीला लटकली. नांतेझा लगबगीनं आली, गुडघे टेकून नमस्कार केला. "आई, अहो कळवायचं तरी! शांत राहायचं होतं ना तुम्हाला?" मी म्हटलं, शांत राहून झालं. गोंझागा मागून ॲप्रन सोडत आला. बारीक झालाय. मला बघून उभाच राहिला. मग म्हणाला, "बस आई. जेवण तयार आहे."

लुवोंबोच होता. कोरडाच होता. मी प्रत्येक घास बत्तीस वेळा चावला, जसं सिस्टर सांगायच्या, आणि शेवटपर्यंत संपवला. हात धुतले. घसा साफ केला. नांतेझाकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "रांधलंस, बरं केलंस."
आणि गोंझागा म्हणाला, "जेवलीस, बरं केलंस."
पटकन म्हणाला, मान वर न करता, शिंक यावी तसं. मग त्याचं त्यालाच कळलं. नांतेझा छताकडे बघायला लागली. मिरेंबे म्हणाली, "बाबा, सांगितलंत!"

मग सगळं निघालं. आजचा त्यानं केलेला. गेल्या वर्षीचाही त्यानंच केलेला. मी म्हटलं, पुरुषानं लुवोंबो? तो म्हणाला, "आई, राजाच्या मुदपाकखान्यात कोण रांधायचं मग?" नांतेझा म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं, सांगून टाक. हाच म्हणाला, आईनं आधी बरं म्हणू दे, मग सांगू. मग काय, थांबलो वर्षभर." मग जरा थांबून, पातेलं उचलता उचलता, "माझ्या कोरड्या लुवोंबोची मंडळात तीनदा चर्चा झाली म्हणे. मसाकातल्या चार बायकांनी कळवलं मला."
चार? बैठकीला तर आम्ही पाचच होतो.

गोंझागा खाली बघत म्हणाला, "तू उठून गेलीस ना आई, न बोलता. मला वाटलं तुला कळलंय मी केलाय, आणि म्हणूनच." मुलगा बेचाळीस वर्षांचा आहे, पण तेव्हा सात वर्षांचा दिसत होता.
मग तोच म्हणाला, "मला फक्त तुझ्या हातची चव आणायचीये. लहानपणची. कितीही केलं तरी जमत नाही. तू काय घालायचीस गं त्यात?"
मला खोकला आला. नांतेझानं पाण्याचं भांडं पुढे केलं. तिच्यापुढे स्वतःची तीन रिकामी होती.
उद्या सांगते म्हटलं.

२७ डिसेंबर, शनिवार.
सांगितलं.
न्याहारीला, तिघांच्या देखत. की लुवोंबो नालोंगोचा. तीसही वर्षं. बिशप जेवले तोही.
गोंझागा म्हणाला, "थोडी शंका होती. पण पाहुण्यांना 'जेवलात, बरं केलंत' तू म्हणायचीस, म्हणून वाटायचं निदान कूट तरी तू घालत असशील." मी म्हटलं, मी टेबलक्लॉथ घालत होते.
आधी नांतेझा हसली, तोंडावर हात ठेवून. मग तो. मग हात काढून ती. मिरेंबेला काही कळलं नाही, ती सगळ्यात जास्त हसली. माझ्या घरच्या धुराचंही मग सांगून टाकलं. त्यावर तर नांतेझानं टेबलावर डोकंच टेकलं.

नालोंगोला फोन लावला, कृती विचारायला. स्पीकरवर. मागे कोंबड्यांचा कालवा. कृतीआधी मी म्हणाले, "नालोंगो, रांधलंस, बरं केलंस." तीस वर्षांचं एकदम.
पलीकडे तिनं आधी कोंबड्या हाकलल्या.
मग, "बाई, कुठे दुखतंय?"
मी म्हटलं, कुठेच नाही गं.
"खरं सांगा. छातीत?"
मी म्हटलं, अगं आभार मानतेय.
"बाई, तुम्ही आडव्या व्हा. आणि फोन गोंझागाला द्या."
तो फोन घेऊन बाहेर गेला. पुष्कळ वेळ बोलत होता. येताना वहीत कृती लिहून आणली. वाळवलेली अळंबी घालतात म्हणे. मला वाटायचं ते वांगं.

२८ डिसेंबर, रविवार. संध्याकाळ.
गोंझागानं गाडीनं घरी आणलं. बारा महिन्यांनी त्यानं या घराचं फाटक उघडलं. नांतेझा आणि मिरेंबे पण आहेत, चार दिवस राहणार. पिशव्यांतून केळीची पानंही आणलीत, जणू मसाकात मिळत नाहीत.

व्हरांड्यात नालोंगो बसलेली. चार दिवस आधी परत आली, टोपलीभर झाडपाल्याची मुळं घेऊन. शेजारच्या खुर्चीत फादर. मांडीवर आजाऱ्याला लावायच्या पवित्र तेलाची डबी.
फादर म्हणाले, "नालोंगोचा निरोप आला. बाईंचं बोलणं एकाएकी बदललंय म्हणाली."
मी म्हटलं, मी ठणठणीत आहे. आभार मानले म्हणून कोणी मरतं का?
नालोंगोनं झग्याची बाही डोळ्याला लावली. "जाताना सगळे असंच गोड बोलतात, फादर. माझी सासूपण."
गोंझागाकडे बघितलं. तो पानं घेऊन घाईघाईनं स्वयंपाकघरात गेला. नांतेझाचे खांदे हलत होते. ती रडत नव्हती.
फादर उठले, घाम पुसला आणि म्हणाले, "बाई, एवढ्या उन्हातून आलोच आहे, तर लावूनच टाकू."
लावून घेतलं.