मागाच्या खड्ड्यातली जागा

३ फेब्रुवारी
सकाळच्या गाडीनं गुंजीहून बेळगावात पोचले. स्टेशनवर चिन्मयी स्कूटर घेऊन हजर! कॉलेजची मैत्रीण, नोकरी तिनंच लावली. फोनवर म्हणाली होती, काम काय ते विचारू नकोस, हळदीकुंकवाला म्हणून ये. ऑफिस म्हणजे वडगावातलं विणकराचं जुनं घर. राहायची सोयही तिथंच. सांधेदुखीच्या तेलाची कंपनी आहे. ती चालवणाऱ्या जयाआक्कांनी माझी ओटी भरली. म्हणाल्या, "हितं वर कोण न्हाय, खाली कोण न्हाय. सगळी घरचीच." खरंच, सगळ्याजणी जमिनीवर गोल करून बसतात, डोकी एका उंचीला. माझी जागा तेवढी हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून. कालपर्यंत तिथं चिन्मयी बसायची.

६ फेब्रुवारी
तेल कुणीच विकत नाही. बाटल्यांवर धूळ आहे. काम एकच, आपलं जिवाभावाचं माणूस हळदीकुंकवाला बोलवायचं. ही तर साखळी झाली, असं मी म्हटलं. आक्का हसल्या. "कुंकू लावणं म्हंजे धंदा व्हय गं?" सगळ्या हसल्या. मलाच लाजल्यासारखं झालं. कुंकवाच्या बोलावण्याला नाही कोण म्हणतं? मी तरी कुठं म्हटलं होतं?

११ फेब्रुवारी
आज गोलात माझं डोकं इतरांच्या खांद्याला लागत होतं. खड्डा खोल झालाय. चिन्मयीला दाखवलं. ती म्हणाली, "तूच वाकून बसतीस." तिची पाठ मात्र काठीसारखी सरळ झालीय.

१४ फेब्रुवारी
उठायला गेले. उठवेना. खांद्यांवर कुणीतरी उभं आहे. वर पाहिलं, तर चिन्मयी आपल्या जागी मांडी घालून बसलेली. तरी तिच्या पायांचे तळवे माझ्या खांद्यांवर—

१६ फेब्रुवारी
पायांना केस लागतात. ओले, हलणारे. आक्का म्हणाल्या, ज्यांनी कुणाला आणलं न्हाय, त्या पोरी त्या. एकजण आण, वर ये. मला धाकट्या बहिणीशिवाय, पूर्णिमाशिवाय कोण आहे? नाही. तिला नाही.

१७ फेब्रुवारी
खड्ड्याचा काठ हनुवटीला. खालून घोटा धरलाय—
फोन केला. काम काय ते विचारू नकोस, म्हटलं.

१८ फेब्रुवारी
पूर्णिमा आली. नवी साडी. आक्कांनी मला वर ओढून घेतलं, माझी जागा तिला. ओरडणार होते, पळ— तेवढ्यात तिनं पाय खाली सोडले. माझ्या तळव्यांखाली काहीतरी मऊ, ऊबदार. पाठ सरळ झाली. देवा, किती बरं—
ती विचारतेय, ताई, माझे खांदे का गं भरून आले?
मी म्हटलं, तूच वाकून—