काढलेली पोत

कोराडी, ता. १० जानेवारी १९७९

सौ. कुसुमावतीस जागेश्वरचे आशीर्वाद. वि. वि.

इकडे खुशाली आहे, म्हणजे पोळ्या जळून राहिल्या अन् मी खाऊन राहिलो. रागात लिहायचं नव्हतं. पण नवरा जित्ता असताना तू गळ्यातली काळी पोत काढून मायसमोर फेकली! माय अजून रडते. तू साऱ्यांशी भांडली, भर थंडीत पंखा लावून बसली, ते मी सोसलं. आता सरळ सांग, मी तुले नको झालो काय? तसं असेल तर तुझ्या भावाकडे, ईश्वरदासकडेच राहा.

जागेश्वर

पाचपावली, नागपूर, ता. १९ जानेवारी

तुमच्या पाया पडून कुसुम लिहिते की,

तुम्ही मले काहून नको व्हाल? पोत गळ्याले काचत होती, जीव कोंडला म्हणून काढली. दादानं मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. डाक्टरीणबाईंनी मान चाचपली, तर पोतीखाली सुपारीएवढी गाठ! ती थायरॉइडचा रस नको तेवढा सोडते. छाती धडधडते, हात कापतात, खाल्लेलं अंगी लागत नाही, डोकं भडकते, सारं तिच्यापायी. अन् मले वाटे, मीच कजाग झाली. आधी गोळ्या, मग ऑपरेशन. मले लय भेव वाटते. बसनं तासभराचीच वाट आहे, भेटायले या.

तुमची कुसुम

कोराडी, ता. १५ मार्च

सौ. कुसुमले आशीर्वाद.

ऑपरेशन झाल्याचं तुझ्या दादानं कळवलं, तसा रविवारी दवाखान्यात आलो होतो. तू झोपली होती. गळ्याले पट्टी, तोंड एवढंसं झालेलं. मले लय शरम वाटली. खाटेजवळ उभा राहिलो, संत्री ठेवली अन् वापस आलो. रिकामं क्वार्टर खायले उठते वं. माय म्हणते, तिले घेऊन ये. राग उतरला असेल तर कळव.

जागेश्वर

पाचपावली, ता. २१ मार्च

तुमच्या पाया पडून कुसुम लिहिते की,

गाठ साधीच निघाली. आता छाती शांत आहे, हात कापत नाही. मायवर राग नाही, त्यांना नमस्कार सांगा. संत्री बाजूच्या खाटेवरच्या भीमाबाईले दिली, मले गिळवत नव्हतं.

त्या रविवारी मी झोपली नव्हती. तुमची चाल ओळखली अन् डोळे मिटून घेतले. वाटलं, एकदा तरी नाव घेऊन हाक माराल. तुम्ही गेले, मग लय रडली.

न्यायले या. पण दारातूनच हाक मारा, तेव्हाच उठीन.

लोभ आहे ते ठाऊक आहे, तो बोलून दाखवत जा.

तुमची कुसुम