पायपुढ्या

सिस्टर,

आज धसईच्या बाजारात कुणीतरी मागून "ए पायपुढ्या!" अशी हाक मारली आणि मी, केस पांढरे झालेला माणूस, चारचौघांत गर्रकन वळलो. वालाच्या शेंगांच्या ढिगामागे तीच बसली होती, सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाड्यावरची आपली बाळंतीण. आता आजी झालीय, मांडीवर नातवंड होतं. "तुमच्या सिस्टरबाय कशा हायेत?" म्हणाली. गेल्या, म्हटलं, बरीच वर्षं झाली. तिनं पदर तोंडाला लावला आणि माझ्या पिशवीत शेंगा भरत राहिली. नको नको म्हणेपर्यंत पिशवी तुडुंब. घरी येऊन पिशवी तशीच ठेवली आणि लिहायला बसलोय. माझं अक्षर बघून तुम्ही "कोंबडीसुद्धा बरं लिहील" म्हणायचात, ते अजून तसंच आहे.

तेव्हा मी नुकताच कोर्स करून मुरबाडला दवाखान्याच्या ॲम्ब्युलन्सवर, आपल्या गाडीवर, लागलो होतो. अंगात केवढा ताठा! इस्त्रीचा शर्ट, खिशात कात्री, आणि पुस्तकातलं सगळं तोंडपाठ. पेशंटला उतारावरून न्यायचं तर पाय पुढे, चढावर न्यायचं तर डोकं पुढे, हे मी ड्रायव्हरकाकांनासुद्धा शिकवायचो. ते बिचारे बिडी ओढत ऐकून घ्यायचे. तुम्ही नुसत्या चष्म्यावरून बघायचात. मला वाटायचं, बाईंना कौतुक वाटतंय.

त्या दिवशी निरोप आला तेव्हा भातकापणी चालू होती. बाई घरीच बाळंत झालेली, बाळ ठीक, पण रक्त थांबत नाही. गाडी खालच्या रस्त्यापर्यंतच जायची. तिथून स्ट्रेचर खांद्यावर टाकून आपण पाड्यावर चढलो. मी पुढे, तुम्ही मागे, साडी वर खोचलेली, आणि धाप लागलेली असतानाही माझ्यावर ओरडताय, "अरे, सलाइनची पेटी आपटू नको, तुझ्या सासऱ्याची हाय का ती!" घरात अंधार. ती पोर पांढरी पडलेली, डोळे अर्धे मिटलेले. तुम्ही सुई लावलीत, रक्त थांबावं म्हणून पोट चोळायला घेतलंत आणि म्हणालात, उचला. ड्रायव्हरकाकांनी आणि मी उचललं. अंगण संपलं की लगेच उतार होता, म्हणून मी शिकल्याप्रमाणे स्ट्रेचर फिरवलं, पाय पुढे केले आणि दाराकडे निघालो.

झालं! सासू उंबऱ्यात आडवी झाली. दोन्ही हात चौकटीला. "माझी सून जित्ती हाय गो! पाय पुढं करून कुठं नेतस तिला? पाय पुढं गेलेला मानूस परत नाय येत!" बाहेर जमलेले बाप्ये आत शिरले. कुणी म्हणालं, ठेव खाली, आमी नाय नेऊ देत. मला संताप आला. तिकडं रक्त चाललंय आणि ही अडाणी बाई दारात! मी ओरडलोच, "आजी, मरंल ती, बाजूला व्हा!" मरंल हा शब्द त्या घरात, त्या घटकेला. आजही आठवला की जीभ चावावीशी वाटते. म्हातारीनं चौकट आणखी घट्ट धरली.

तुम्ही पोटावरचा हात काढला नाहीत. आवाजसुद्धा चढवला नाहीत. "आजे, तुझं बरोबर हाय," तुम्ही म्हणालात. "पोरगा नवा हाय, त्याला काय कळतं? पायपुढ्या मेला! फिरव रे. डोकं पुढं घे. आन् तू गो आजे, तिच्या उशाशी धर, तुझ्या हातानं भायेर काढ तिला." त्या अरुंद घरात आम्ही स्ट्रेचर परत फिरवलं. चुलीवरचं भांडं कलंडलं, ड्रायव्हरकाकांचं डोकं तुळईला लागलं. पण म्हातारी आडवी होती ती वाट दाखवायला लागली. सुनेचं डोकं आधी उंबऱ्याबाहेर आलं. म्हातारी तिच्या कपाळावर हात ठेवून "ये गो लवकर, ये गो" म्हणत राहिली. अंगण ओलांडून बांधाच्या आड गेल्यावर तुम्ही हळूच म्हणालात, "आता तुझं पुस्तक काढ." आम्ही पुन्हा फिरवलं आणि पाय पुढे करून उतरलो. मुरबाडपर्यंत तुमचा हात तिच्या पोटावरून हलला नाही. ती वाचली.

मग तुमच्या क्वार्टरचं स्वयंपाकघर. तुम्ही हात धुऊन तांदळाच्या भाकऱ्या थापताय, तव्यावर सुकट परततेय, आणि मी कोपऱ्यात तोंड पाडून बसलोय. मी म्हटलं, सगळ्यांसमोर मला वेडा ठरवलंत. तुम्ही भाकरी उलटवलीत. "मग कोणाला ठरवू? तिला? ती घरात राहणार हाय, तू गाडीत बसून जाणार." पुढे म्हणालात, "उतार दाराच्या भायेर सुरू होतो रे. उंबऱ्यात पेशंट घरच्यांचा असतो. त्यांच्या हातातून घ्यावा लागतो." आणि माझ्या ताटात सगळ्यात फुगलेली भाकरी टाकलीत. वर म्हणालात, "खा, पायपुढ्या!" नाव तिथंच चिकटलं. आठवड्याभरात ड्रायव्हरकाका, वॉर्डातल्या मावशी, चहावाला, सगळे तेच म्हणायला लागले. मी चिडायचो, तसं ते आणखी म्हणायचे.

शहापूरला बदली झाल्यावर महामार्गावरचे अपघात बघितले, घरं नसलेली, उंबरे नसलेली माणसं उचलली. तिथं पुस्तकच चालायचं. पण गावातून केस आली की मी आधी दारात थांबायचो, घरातल्या कुणाचा तरी हात स्ट्रेचरला लावायचो आणि डोकं पुढे घेऊन निघायचो. कुठल्याही घरानं मला पुन्हा अडवलं नाही. सिस्टर, माझी सगळी नोकरी त्या एका भाकरीवर झाली. हे तुम्हाला तोंडावर सांगितलं असतं तर "चल, नाटकं करू नको" म्हणून हाकललं असतंत, म्हणून राहिलं.

तुम्ही गेलात तेव्हा वाशिंदला तुमच्या घरी आलो होतो. तुमचा मुलगा मडकं धरून अंगणात उभा. आत आम्ही चौघांनी तुम्हाला उचललं, मी उशाकडे. दाराशी आलो आणि मी फिरवलं. डोकं पुढे. एकच गलका झाला. "अहो, पाय पुढं! पाय पुढं घ्या!" तुमच्या दिरांनी माझा दंड धरला. कुणीतरी म्हणालं, जाऊ द्या, ॲम्ब्युलन्सवरचा आहे, हाताची सवय. रडता रडता दोघं-तिघं हसलेसुद्धा. ड्रायव्हरकाका माझ्या कानाशी पुटपुटले, "पायपुढ्या, आजच पाय पुढं घ्यायचे होते रे." मी मान हलवली, चुकलो म्हणालो, आणि आम्ही तुम्हाला परत फिरवलं.

हे पत्र कुठं टाकणार? घडी करून कपाटात राहील. शेंगा सोलायच्या आहेत, बायको दोनदा हाक मारून गेली. पण एवढं तुम्हाला सांगतो, बाकी कुणाला सांगितलेलं नाही. ती सवय नव्हती, सिस्टर. मी मुद्दाम फिरवलं होतं.