ओला शेक

प्रिय आई,

हे पत्र संध्याकाळी वाचू नकोस. दिवसभर निखाऱ्यापुढे बसून टोप्यांसाठी ताडाची पानं तव्यावर दाबलीस की संध्याकाळी तुझे डोळे कसे होतात ते मी लहानपणापासून पाहत आलेय. सकाळी तोंड धुऊन अंगणातल्या उजेडात बस आणि वाच. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. हे न्यान मावशीबरोबर पाठवतेय. ती टोप्या न्यायला तुझ्याकडे येते आणि विकायला आमच्या गावात, तेवढाच आपला टपालवाला. पण तिच्याकडून वाचून मात्र घेऊ नकोस. मनाची सोन्यासारखी आहे, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

आम्ही बरे आहोत. तुझी नात अंगाने भरलीय. सासूबाई तिला ‘बेडकी’ म्हणतात, गोड नावानं हाक मारली तर दृष्ट लागते म्हणून. कपाळ तुझं आहे, हट्टही तुझाच. माझं विचारशील तर मला इथे खारवून ठेवलंय. खिडकीला गोणपाट, कानांत कापूस, पायांत मोजे, डोक्याला फडकं आणि बाजेखाली शेगडी. जेवायला मिऱ्यातलं खारं डुकराचं मांस आणि कोरडा भात. अंगाला पाणी लावायचं नाही, उंबरा ओलांडायचा नाही. वाचायचं नाही, लिहायचं नाही आणि रडायचं तर मुळीच नाही. या तिन्हींनी म्हणे बाळंतिणीचे डोळे जातात. सासूबाई जवळ्याचं खारं विकायला बाजारात जातात, तेवढ्या वेळात गोणपाट जरा सारून फटीतल्या उजेडात हे लिहितेय. समोर खुंटीला तुझी टोपी आहे. गेल्या खेपेला मागे राहिली ती.

सासूबाई वाईट नाहीत हे आधीच सांगते, नाहीतर तू उगाच जीव जाळशील. त्या स्वतः पहाटे उठून माझी शेगडी पेटवतात, वाकताना कमरेतून कळ आली तरी मला उठू देत नाहीत. कोळीण बाई, त्यांचं सगळं शहाणपण दर्यावरचं. एकदा मी म्हटलं, आता पुरे करा ना, जीव गुदमरतो. तर म्हणाल्या, “बाळंतीण म्हणजे दर्यातनं आलेली होडी गं. वाळूवर ओढून बूड शेकल्याशिवाय परत पाण्यात घातली तर वर्षभरात कुजते. म्हातारपणी हाडं कुरकुरली की माझी आठवण काढशील.” मग नवऱ्याला, खोआला, सांगून पाहिलं. तो म्हणाला, “आईनं माझ्या दोन्ही वहिन्यांचं असंच केलं. तू काय आभाळातून पडलीस?” आणि माकूळ धरायला बोटीवर निघून गेला. त्याच्यापुढे दर्या मोकळा आहे. मला या खोलीचं छत पाठ झालंय. कुठल्या वाशाला वाळवी लागलीय तेसुद्धा सांगू शकेन. कधीकधी वाटतं, उठावं आणि बेडकीला घेऊन सरळ चालायला लागावं. मग पायांतल्या मोज्यांकडे बघते आणि पडून राहते.

डोळ्यांचं दुखणं पहिल्याच आठवड्यात सुरू झालं. आधी नुसते कोरडे वाटायचे, मग वाळू गेल्यासारखे खुपायला लागले. बाळाला पाजताना तिचं तोंड धड दिसेना. मी घाबरले आई, खरंच घाबरले. तुझ्या घरी हेच पाहत मी मोठी झालेय. सुई ओवता ओवता थांबणारी तू, डोळे मिटून भिंतीला टेकणारी तू. एके काळी तुझ्या हातची टोपी उन्हात धरली की पानांच्या दोन थरांमध्ये कापून बसवलेली कवितेची अक्षरं कशी लख्ख दिसायची, आणि टाका कुठे पडलाय ते दुसऱ्या बाईला शोधूनही सापडायचं नाही. मग तुझ्या हातातली सुई सुटली आणि वाट्याला नुसती पानं दाबायची आली. आता तेच माझ्या वाट्याला येणार असं वाटलं.

सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी मीठ भाजलं, कापडात त्याची पुरचुंडी बांधली आणि माझ्या डोळ्यांवर ठेवली. पहिल्या क्षणी इतकं बरं वाटलं की मला झोपच लागली. उठले तर डोळे आणखी कोरडे, कडा लालबुंद. त्या म्हणाल्या, “शेक कमी पडतोय.” दुसऱ्या दिवशी मीठ जास्त भाजलं. डोळे जास्त जळाले. मग त्यांनी विड्याची पानं उकळून त्याची वाफ दिली, शेगडीत कोळसे वाढवले. जितकं जळे तितका शेक, जितका शेक तितकं जळे. मी नको म्हटलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्यांच्या थोरल्या सुनेला बाळंतपणात थंडी बाधली होती, ती अजून अंग धरून चालते. शेजारची म्हातारी मात्र दारातून ओरडून सांगायची, “डोळ्याला ऊब लावूच नये, डोळा म्हणजे जिवंत मासा, शिजून जाईल.” दोघींचं जुंपलं की मी मध्ये मिठाची पुरचुंडी डोळ्यांवर घेऊन पडलेली.

मग खाडीला पूर आला. दरवर्षीसारखा, घोट्याएवढाच, पण कोळशाची पोती भिजली आणि मडक्यातल्या मिठाचं पाणी झालं. शेगडी बंद. सासूबाई कोंबड्या माळ्यावर चढवण्यात गुंतल्या. तुझ्या टोपीला ओल धरू नये म्हणून मी बाजेवर उभी राहून ती वरच्या खुंटीला अडकवायला गेले. आतून तुझ्या केसांच्या तेलाचा वास आला. मग मला आवरलं नाही. जेवढं म्हणून रडायचं नसतं तेवढं मी रडले. रडून झाल्यावर भीती वाटली, आता डोळे गेले. चहाच्या किटलीतलं कोमट पाणी होतं, त्यात फडकं बुडवून पिळलं आणि पापण्यांवर धरून बसले. तेवढंच सुचलं. पूर होता तोवर हेच केलं, शेगडी नाही, मीठ नाही, नुसतं ओलं फडकं. आणि आई, वाळू गेली. बेडकीच्या पापण्यांचे केस मला पहिल्यांदा नीट दिसले, सोनेरी आहेत.

पाणी ओसरलं, कोळसे वाळले, शेगडी पुन्हा बाजेखाली आली. संध्याकाळपर्यंत डोळ्यांत वाळू हजर.

त्याच सुमारास दवाखान्यातली कूक ताई बाळांची वजनं घ्यायला होडीतून आली. मी तिला विचारलं, शेक चांगला की वाईट, एकदाचं काय ते सांग. ती म्हणाली, तसं एका शब्दात नाही सांगता येत. पापण्यांच्या काठाला तेलाची बारीक छिद्रं असतात. थंडीत चरबी थिजते तसं ते तेल थिजलं की डोळ्यातलं पाणी टिकत नाही, उडून जातं. कोमट, ओल्या, स्वच्छ फडक्याने थोडा वेळ शेकलं की तेल सुटतं आणि आराम पडतो. पण शेक कडक असेल, किंवा डोळे आधीच लाल होऊन सुजलेले असतील, तर तोच शेक आगीत तेल ओततो. आणि बाजेखालच्या धुरात पडून राहायचं असेल तर कसलाही शेक फुकट. मी हळूच विचारलं, आणि बाळंतपणात रडल्यानं डोळे जातात ते? ती इतकी हसली की बेडकी दचकली. म्हणाली, “रडून डोळे जात असते तर या खाडीकाठी एकीलाही सुई ओवता आली नसती.”

ती गेल्यावर मी छताकडे बघत पडले होते आणि मला तुझा तवा आठवला. पान रात्री दवात ठेवून मऊ केल्याशिवाय तव्यावर घ्यायचं नाही, हे तूच माझ्या हातावर चापट मारून शिकवलंस. कोरड्या पानाला तवा दाखवला की ते तडकतं. आणि तू स्वतः काय करायचीस गं? संध्याकाळी काम संपलं की पानं दाबायची ती कापडाची गुंडाळी तापल्या तव्यावरून उचलायचीस आणि तशीच, कोरडी, कडकडीत, डोळ्यांवर दाबायचीस. आपल्या गावात सगळ्याच बायका तसं करतात, निखारा पुढ्यातच असतो म्हणून. वर्षानुवर्षं तू पानाला दव देत आलीस आणि डोळ्यांना नुसता तवा. कूक ताईने तुझे डोळे पाहिलेले नाहीत, त्यामुळे सगळं बरं होईल असं मी म्हणत नाही. पण ती गुंडाळी आजपासून बंद कर. मनगटाला सोसेल एवढ्या कोमट पाण्यात फडकं भिजव, आणि पानं दाबताना वाऱ्याच्या बाजूला बस, धूर अंगावर घेऊ नकोस. मग एकदा शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊ, दोघी.

आता जे लिहायला बसले होते ते. माझ्या जन्माच्या वेळी बाबा दक्षिणेला निघून गेले, तू निखाऱ्यांवरच्या बाजेवर पडून रडलीस, आणि म्हणून तुझे डोळे गेले, असं आत्या, काक्या, अख्खी आळी सांगत आली. कुणी मुद्दाम मला बोल लावला नाही, पण ‘हिच्या वेळेला’ हे दोन शब्द मी मोठी होईपर्यंत ऐकले. तुझ्या प्रत्येक चुकलेल्या टाक्याशी माझा जन्म बांधलेला होता. तूही ते खरं मानलंस. म्हणूनच बेडकीला बघायला आलीस तेव्हा तिला जवळ घेतलं नाहीस, डोळे पुसत लांबूनच बघितलंस. त्या दुपारी ती रडायची थांबेना, आणि तू पायरी उतरताच सासूबाईंनी तुझा पायगुण घालवायला उंबऱ्यावर कागद पेटवला. टोपी राहिली म्हणून तू मागे वळलीस आणि तो जाळ पाहिलास. टोपी न घेताच उन्हातून सायकल हाणत गेलीस. मी खिडकीच्या फटीतून पाहिलं, आणि मला उंबरा ओलांडायची परवानगी नव्हती. आता न्यान मावशीकडून निरोप धाडलास की बेडकीला महिना झाल्याच्या पूजेला तू येणार नाहीस, तुझ्या डोळ्यांची सावली लेकराला नको. आई, तुझ्या डोळ्यांत शेगडीच्या धुराशिवाय दुसरं काही नव्हतं. माझ्यामुळेही नाही आणि तुझ्या रडण्यामुळेही नाही. तू ये. काल मी बाजेखालची शेगडी माझ्या हाताने बाहेर ठेवली. सासूबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत, पण आज सकाळी त्यांनी ती पुन्हा आत आणली नाही. पूजेच्या दिवशी मी मोजे काढून दारात उभी असेन. बेडकीला तुझ्या हातात देईन, तुला रडू आलं तर खुशाल रड, तिच्या अंगावर पडलं तरी चालेल. आणि तू निघताना उंबऱ्यावर कागद पेटलाच, तर टोपी घ्यायला मागे वळू नकोस. ती माझ्या डोक्यावर असेल, बेडकी माझ्या कडेवर असेल, आणि मी तुझ्या मागोमाग पायरी उतरत असेन.

तुझीच,
‘हिच्या वेळेला’ झालेली,
दिएप