बीमखाली मुले बसवू नयेत

मृत्युपत्र लिहून देणार मी, या घरात पाळणाघर चालवणारी विधवा, वय शहात्तर. गुडघे सोडले तर प्रकृती ठीक, डोके शाबूत. मला कोणी भरीस घातलेले नाही. मनात साचलेली शिसारी कागदावर उतरल्याशिवाय डोळे मिटणार नाहीत, म्हणून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते चिरंजीवांच्या नावे होते.

चिरंजीवांनी हे लिहायला वकीलही सुचवला होता. "आई, बाप-लेक दोघंही वकील आहेत, अगदी घरगुती." घरगुती हा शब्द स्वयंपाकाला शोभतो. बाकी ठिकाणी तो ऐकला की मी आधी छताकडे पाहते. का, ते खाली येईल.

एक. राहते घर.
यजमान गेल्यावर मागच्या दोन खोल्यांमधली भिंत काढून मी मुलांसाठी एक मोठी खोली करून घेतली. काम दिले ते नावाजलेल्या एका कुटुंबाच्या कंपनीला. थोरले साहेब आराखडा काढत, मोठा मुलगा बांधून घेई, धाकटा मुलगा इंजिनियर म्हणून काम पक्के असल्याचा दाखला देई. धाकटी सूनही इंजिनियर, पण तिला सहीचा अधिकार दिलेला नव्हता. लोक म्हणत, एका घरची माणसे आहेत, सांभाळून घेतात. खरेच होते. मला नव्हे, एकमेकांना.

वर्ष उलटले आणि बीमला चीर पडली. थोरले साहेब सगळ्यांना घेऊन आले. बीमवर थाप मारून म्हणाले, "बाई, प्लास्टर आहे, तडकायचंच. माझ्या मुलानं बांधलंय, म्हणजे मीच बांधलंय समजा." धाकटी सून मान वर करून पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी मुले यायच्या आधी ती एकटी आली. दारातूनच म्हणाली, "बाई, आजपासून या खोलीत कुणाला बसवू नका. हा बीम भार घेणार नाही."

"मग काल का गप्प बसलीस?"

"घरी गेल्यावर बोलले. सासरे म्हणाले, घरातलं घरात राहू दे."

मी मुलांना अंगणात बसवले. त्याच आठवड्यात, मुले अंगणात जेवत असताना, बीम छतासकट खाली आला. ज्या गाद्यांवर मुले दुपारी झोपत, त्या आम्ही ढिगाऱ्याखालून ओढून काढल्या.

चौकशी झाली. थोरले साहेब म्हणाले, बाईंनी न विचारता गच्चीवर पाण्याची टाकी चढवली. मोठ्या मुलाने मान डोलावली. धाकटा तर स्वतःच्या बायकोकडे बोट दाखवून म्हणाला, "हिला अनुभव नाही, घाबरट आहे." टाकी होती अशी साक्ष देणारा शेजारीही मिळाला. तो शेजारी म्हणजे पलीकडच्या घरात राहणारे माझे चिरंजीव. साहेबांचा मोठा मुलगा त्यांचा शाळासोबती. त्या गच्चीवर कपडे वाळत घालायच्या दोरीखेरीज काही नव्हते. चिरंजीव मला म्हणाले, "आई, कुणाला लागलं नाही ना? मग कशाला ताणतेस? आपलीच माणसं आहेत." आजही ते आठवले की तोंड कडू होते.

धाकट्या सुनेने मात्र चौकशीत खरे तेच सांगितले. संध्याकाळी तिची बॅग सासरच्या दाराबाहेर ठेवलेली होती. तेव्हापासून ती माझ्या वरच्या खोलीत राहते आणि तिथूनच स्वतःचे काम करते. हे घर, अंगणासह, मी तिला देत आहे. ती माझी कोणी नाही, असा हरकतीचा अर्ज चिरंजीव करतील. करोत. माझे असून त्यांनी काय दिवे लावले?

दोन. बँकेतील शिल्लक पाळणाघरातल्या मावशींना द्यावी. त्या दिवशी अंगणात त्यांनी मुले तीनतीनदा मोजली.

तीन. चिरंजीवांना वडिलांचे मनगटी घड्याळ, आणि त्या गाद्यांपैकी एक. ती धूळ न झटकता ठेवली आहे. त्यांनी ती झटकू नये.

चार. त्या कुटुंबातील कोणी माझ्या अंत्यदर्शनाला आल्यास फाटकातूनच परत पाठवावे. भांडू नये. मलाच त्यांची तोंडे पाहायची नाहीत.

पाच. सगळीच घराणी सारखी, असे माझे म्हणणे नाही. समोरचे शिंपी भावाबरोबर दुकान चालवतात. धाकट्याने थोरल्याच्या अंगावर कोट फेकून "उसव दादा, खांदा चुकलाय" म्हटलेले मी ऐकले आहे, आणि थोरल्याने उसवलेलाही पाहिला आहे. माझे कपडे तिथेच शिवले जातात.

सहा. मागची खोली पुन्हा बांधली जाईल. आराखडा वरच्या खोलीतली इंजिनियरबाईच काढील. पण तपासणी तिचा नातेवाईक, मित्र किंवा उपकृत नसलेल्या इंजिनियरने करावी. त्याची सही होईपर्यंत तिथे एकही मूल झोपवू नये. हे कलम मी तिला वाचून दाखवले. वाटले, रागावेल. ती म्हणाली, "बाई, तो माणूस मी निवडायचा नाही. तेही लिहा."

लिहिले. तो तिने निवडू नये.

ठिकाण : राहत्या घराची पुढची खोली
दिनांक : ९ जून

लिहून देणार : (सही) पाळणाघराच्या बाई

साक्षीदार, दोघांसमक्ष सही केली :
१. (सही) समोरचे थोरले शिंपी
२. (सही) गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरीणबाई. मी बाईंना आज तपासले. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत, आणि संतापलेल्या आहेत.