इंजिनचा पिवळा दिवा

१९ एप्रिल २००७, गुरुवार

आज सकाळी आकाराम मिस्त्रीला त्याच्याच गॅरेजच्या दारात चोर म्हणालो. चारचौघांत, आवाज चढवून. घरातून देवाला हात जोडून निघालो होतो आणि साडेनऊला हे तोंडातून गेलं.

कारण गाडी! फेब्रुवारीत आमच्या गुळाच्या अडतीच्या शेठकडून त्यांची जुनी डिकीवाली गाडी घेतली. मी त्यांच्याकडे वीस वर्षं दिवाणजी. दर रविवारी मुरगूडला आईकडे जाता यावं, एवढीच हौस. आता तिसऱ्यांदा तेच झालं. सकाळी सुरू केली की अंगात आल्यासारखी थरथरते, समोर इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि जरा चढ आला की दम सोडते. आकाराम उघडतो, काहीतरी बदलतो, मग महिनाभर ठीक. फेब्रुवारीत प्लगच्या वायरी. मार्चात सेन्सर. आता म्हणतो कॉइल बघायला लागंल. जुना पार्ट मागितला की म्हणतो, भंगारात गेला. शेठ मागे म्हणाले होते, जुना पार्ट हातात देत नाही त्या मिस्त्रीवर नजर ठेवा. ते डोक्यात होतं. म्हणालो, माझे चांगले पार्ट काढून दुसऱ्यांच्या गाड्यांत घालतोस, ही चोरी आहे.

आकाराम आणि मी सातवीपर्यंत मुरगूडच्या शाळेत एका बाकावर. त्यानं फडक्याला हात पुसले.

"पिराजी, इंजिन धुतोस काय? खरं सांग. आत वलावा येतोय कुठनं तर."

अंबाबाईची शपथ, पाण्याचा थेंब लावलेला नाही, म्हणालो. खरंच लावलेला नाही.

"मग गाडी घिऊन जा," म्हणाला. बस्स. समोर आण्णाचा चहाचा गाडा. तिथल्या सगळ्यांनी ऐकलं.

२० एप्रिल

गाडी दारात उभी. सायकलनं अडतीत.

२३ एप्रिल

शेठच्या कानावर गेलंच. म्हणाले, अडतीचे दोन्ही टेम्पो आणि आमच्या घरची नवी गाडी आता आकारामकडे नाही जायची. "तुम्ही म्हणताय म्हणजे असणार, दिवाणजी." शेजारच्या अडतवाल्यानंही त्याची जीप काढून नेली म्हणे.

माझा शब्द इतका जड आहे हे मला माहीत नव्हतं.

२८ एप्रिल, शनिवार

ठरवलं. आता मिस्त्रीवर विसंबायचं नाही. हल्ली गाडीचं दुखणं वाचणारं यंत्र मिळतं — स्कॅनर. स्टेअरिंगच्या खाली एक चपटं सॉकेट असतं, त्यात जोडायचं. गाडी स्वतःच सांगते काय बिघडलंय. मध्ये कुणी माणूस नको.

शाहूपुरीतल्या दुकानात दीड तास गेला. यंत्रं तीन प्रकारची. एक मुठीत मावणारं, परदेशी, दोन बोटं रुंदीची काच. दुसरी नुसती केबल, ती कॉम्प्युटरला जोडायची. माझ्याकडे कॉम्प्युटर कुठला! तिसरी जाड पेटी, आपल्याकडेच बनलेली, बऱ्याच गाड्यांना चालते, पण किंमत ऐकून मी पुन्हा पहिलीकडे वळलो. दुकानदाराला विचारलं, दिवा का लागतो तेवढं कशानं कळेल? त्यानं एकेका यंत्राचे गुण सांगायला सुरुवात केली. किती गाड्या, बिघाडाचे किती कोड, चालू इंजिनचे आकडे, कोड पुसायची सोय. मला आकडे नको होते. मला एक वाक्य हवं होतं.

मुठीतलं घेतलं.

२९ एप्रिल

जोडलं. काचेवर दोन शब्द. लिंक एरर. किल्ली फिरवून बघितली, बंद करून बघितली, सॉकेट पुसून बघितलं. लिंक एरर. बायको दारात उभी. म्हणाली, गाडी रुसली असेल. हसलो नाही.

३० एप्रिल

दुकानदारानं यंत्र परत घेतलं, वर मलाच समजावलं. "पावणं, तुमची गाडी जुनी बोली बोलती. ह्याला नवीच कळती." हे त्याला परवा माहीत नव्हतं काय? पेटी घ्या म्हणतो. घेणार नाही!

४ मे

शेवटी हंबीररावच्या गॅरेजात. उद्यमनगरात मोठं काम, फरशी, पंखे, टेबलावर तीच जाड पेटी. जोडली, छापील चिठ्ठी निघाली. तीन नंबरच्या सिलिंडरला ठिणगी नीट पडत नाही. ठिणगी देणारी कॉइल बदलली. गाडी लोण्यासारखी चालू लागली.

म्हणजे आकारामनं कॉइल म्हटलं होतं ते बरोबर होतं. ते लिहून ठेवतो. पण आधीच का नाही बदलली? आधीचे दोन पार्ट कशाला? चोर नसेल तर अडाणी तरी आहे. असं मनाशी म्हणून बघितलं. समाधान झालं नाही.

१३ मे, रविवार

मुरगूडला जाऊन आलो. गाडी छान. आई विचारत होती, आकाराम कसा आहे. बरा आहे म्हणालो.

१६ मे, बुधवार. अमावस्या

नेहमीप्रमाणे गाडीपुढे नारळ फोडला. पाणी चारी चाकांवर, स्टेअरिंगवर, बॉनेट उघडून इंजिनवर. हळदकुंकू. वडील विहिरीवरच्या ऑईल इंजिनला दर अवसेला असंच करायचे. काळं धूड, बावीस वर्षं पाणी ओढलं त्यानं, कधी कुरकुर नाही.

गाडी बारा दिवस ठीक आहे. हंबीररावचं यंत्र खरं निघालं म्हणायचं.

१७ मे

बिंदू चौकात बंद. पिवळा दिवा. मागे रांग, हॉर्न. एक रिक्षावाला डोकं बाहेर काढून म्हणाला, "ढकलू काय पावणं, का हितंच पूजा घालताय?"

चार जणांनी ढकलत बाजूला घेतली. घामानं सदरा अंगाला चिकटलेला. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या वस्तूला लाथ मारली. पाय दुखतोय.

१८ मे

हंबीररावच्या यंत्रातून पुन्हा तीच चिठ्ठी. तीन नंबर सिलिंडर. म्हणाला, नवी कॉइलसुद्धा फॉल्टी येते, दुसरी मागवतो, परवापर्यंत ठेवा गाडी. मी म्हणालो, दिवाळीपर्यंत कॉइलच बदलत बसू का? आणि आधीची जुनी कॉइल कुठाय?

"भंगारात टाकली की. तुम्हाला काय करायचीय?"

सहज म्हणाला. डोळा न चुकवता. अगदी आकाराम म्हणाला होता तसंच. गाडी तशीच थरथरत घरी आणली.

१९ मे, शनिवार

शाहूपुरीच्या दुकानदाराला गळ घातली. जाड पेटी दोन दिवसांच्या भाड्यानं मिळाली. चष्मा लावून, पुस्तक बघून स्वतः जोडली. तीन नंबर सिलिंडर. कोड पुसला. सुरू केली. पुन्हा तीन नंबर सिलिंडर.

एवढं मोठं यंत्र. कुठं दुखतंय ते सांगतं. का दुखतंय ते त्याच्या पोटात नाहीच. एक वाक्य हवं होतं, ते कुणीच विकत नाही.

२० मे, रविवार

का ते कळावं म्हणून ही वही मागे उलटत बसलो. गाडी अडली त्या तारखा कागदावर काढल्या. १८ फेब्रुवारी. १९ मार्च, त्या दिवशी पाडवा. १८ एप्रिल. १७ मे. बायको भाकरी थापता थापता ऐकत होती. म्हणाली, दर खेपेला अवसेच्या दुसऱ्या दिवशी की हो. मग हात थांबवून म्हणाली, बाहेरचं काहीतरी असणार, देवीला ओटी भरून येऊ.

मी उठून बॉनेट उघडलं. वरचं झाकण काढायला आजवर कधी हात लावला नव्हता. आज काढलं.

मुंग्या. लाल, बारीक. तीन नंबरच्या प्लगच्या खड्ड्याभोवती रांग लावून आत-बाहेर चाललेल्या. बोट घालून बघितलं. चिकट. नाकाशी नेलं.

नारळाचं पाणी.

वडिलांच्या इंजिनला वायर नव्हती, ठिणगी नव्हती, नुसतं डिझेल आणि लोखंड. ते सगळं पचवायचं. आकाराम दर खेपेला प्लग काढायचा, खड्डा हवेनं फुंकायचा, पुसायचा. तेवढ्यानं महिना जायचा. आणि मी शपथ घेतली — पाण्याचा थेंब नाही! खोटं बोललो नाही. पूजेचं पाणी हे पाणी आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

पुसलं, उन्हात वाळवलं, झाकण बसवलं. सुरू झाली. दिवा नाही.

२१ मे

पेटी परत केली. शेठनी विचारलं, निघाला का फॉल्ट? हो म्हणालो. म्हणाले, हंबीररावचा हात चांगला आहे. मी वखारीत आलेल्या ढेपा मोजत राहिलो. दोनदा चुकलो.

मी गप्प राहिलो तर हे कुणालाही कळणार नाही. मुंग्या मी आणि बायकोनं बघितल्या. बस्स.

२२ मे, मंगळवार

आकारामकडे गेलो. एरवी गॅरेजसमोर रस्त्यापर्यंत गाड्या असतात. आज एक स्कूटर, तीही त्याची. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नारळ, मुंग्या, शपथ. चुकलो म्हणालो. पाया पडायला वाकलो तर त्यानं दंडाला धरून उभं केलं. त्याला हसू आलं होतं, मुंग्यांचं ऐकून. मग ते गेलं.

"मला सांगून काय उपेग, पिराजी? मी चोर न्हाय हे मला म्हाईतच हुतं."

चहा मागवला त्यानं. प्यायलो. त्याची बायको चिमणाबाई आतून आली, मला बघितलं आणि परत आत गेली. पूर्वी ती कधी जेवू घातल्याशिवाय सोडायची नाही.

२३ मे

शेठना सांगितलं. ते हसत सुटले. मग म्हणाले, बरं झालं, पण टेम्पोंचं आता हंबीररावशी ठरलंय. बघू पुढे.

२४ मे

आण्णाला सांगितलं, तुझ्या गाड्यावर येईल त्याला सांग. आण्णा कपबशी विसळत म्हणाला, "आकारामनं दम दिला काय? तुम्ही देवमाणूस, मामा, लगीच पाघळताय." शपथेवर सांगितलं तरी डोळा मारतो! चोर म्हणालो तेव्हा एका दमात विश्वास बसला सगळ्यांचा. आता नाही बसत.

२६ मे, शनिवार

पेठेत कुणाकुणाला गाठू? सात जणांना सांगितलं. दोघांनी ऐकून घेतलं, बाकीच्यांनी विषय बदलला. तालमीच्या चौकातला फलक दिसला. कुणाचं अभिनंदन, कुणाचं तेरावं, सगळं त्यावर खडूनं लिहितात आणि येणारा-जाणारा थांबून वाचतो. वस्तादांना विचारलं. म्हणाले, लिहा की, पण लोक जन्मभर हसतील तुम्हाला. विचार करून उद्या या.

२७ मे, रविवार

सकाळी सात वाजता फलक लिहिला. अक्षर मोठं, सुवाच्य. 'आकाराम मिस्त्रींनी माझ्या गाडीचा एकही पार्ट चोरला नाही. मीच दर अमावस्येला इंजिनवर नारळाचं पाणी ओतत होतो आणि त्यांना चोर म्हणालो. ते खोटं आहे.' खाली माझं पूर्ण नाव. वडिलांच्या नावासकट.